१ ऑगस्ट २०२२, वॉर्सा. भोंगे आणि १४.२

आज लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही. चूक माझीच आहे. १ ऑगस्टला संध्याकाळी बरोबर ५ वाजता इथे सगळ्या शहरात भोंगे वाजतात, नाझींविरुद्धच्या १९४४च्या उठावाची आठवण म्हणून, गाड्या ट्राम जागच्या जागी थांबतात, माणसं रस्त्यात उभी राहतात. चार वर्षं बघतेय मी हे. पण घरात युद्धामुळे युक्रेनमधल्या खारकीव्हहून आईबरोबर आलेली, टाईप वन डायबेटिस (शरीरात इन्सुलिन बनतच नाही, रोज बाहेरून घ्यावं लागतं) असलेली १४ वर्षांची पोर आहे, तिला आधी सांगून ठेवायला हवं, हे डोक्यातच आलं नाही.

कणीक मळत होते. भोंगा सुरू झाला तशी पिठाच्या हातांनीच तिच्या खोलीकडे धावले तर ती तिथे नाहीच. पॅसेजमध्ये, जिथे एकही खिडकी नाही त्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ टेकून गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की आपण आणि रस्ता यांच्यात दोन भिंती पाहिजेत, हे तिकडे लहान पोरांनाही पाठ झालंय. मोबाईल पलंगावरच राहिला होता, चपला नव्हत्या. हातात फक्त इन्सुलिनचा पाऊच, छातीशी घट्ट धरलेला.

साडेचारला शुगर ६.८ होती, पावणेसहाला १४.२ आणि सेन्सरवरचा बाण वरच, म्हणजे अजून वाढतेय. मधल्या वेळात तिने बिस्किटसुद्धा खाल्लं नव्हतं. १४.२ म्हणजे आपल्या भाषेत साधारण २५६. युक्रेनमध्ये मिलीमोलमध्ये मोजतात, पोलंडमध्ये आपल्यासारखंच मिलिग्राम, म्हणून फ्रिजवर मी १८चा पाढा चिकटवलाय, मिलीमोलला १८ने गुणलं की मिलिग्राम. पहिल्याच आठवड्यात ती "पाच" म्हणाली होती आणि माझ्या पोटात गोळा आला होता, मग अठरा पंचे नव्वद केलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

माझ्या धाकट्या भावाला नवव्या वर्षापासून टाईप वन आहे. शुगर वाढली की आमच्या घरात पहिला प्रश्न ठरलेला, काय खाल्लंस? आईचा, माझा, आल्यागेल्या प्रत्येकाचा. तो सांगायचा, काही नाही खाल्लं, परीक्षेचं टेन्शन आहे, आणि आम्ही त्याचा डबा तपासायचो. भीती वाटली की लिव्हर रक्तात साखर सोडतं आणि त्या वेळी इन्सुलिनचा जोरही कमी पडतो, हे मी वाचलं होतं. आज डोळ्यांसमोर पाहिलं. उद्या त्याला फोन करून सॉरी म्हणणार आहे, इतक्या वर्षांनी का होईना.

तिला काहीच विचारलं नाही. शेजारी फरशीवर बसले, भोंगे बंद झाले, रस्त्यावर गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला, तरी आम्ही तिथेच. मग डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे करेक्शन डोस, म्हणजे वाढलेली शुगर खाली आणायचं जादा इन्सुलिन, अर्धाच दिला, कारण भीती ओसरली की शुगर आपोआप खाली येते, आणि वर जास्तीचं इन्सुलिन पडलं असेल तर रात्री दणकन खाली जाते.

तिची आई सांगते, तळघरात असताना ही मुद्दाम कमी जेवायची, म्हणजे इन्सुलिन कमी लागेल आणि जास्त दिवस पुरेल. मार्चमध्ये बॉर्डरवर थंडीत उभ्या होत्या तेव्हा इन्सुलिनची सगळी पेनं (पेनसारखी इंजेक्शनं) स्वेटरच्या आत अंगाला लावून ठेवलेली, इन्सुलिन एकदा गोठलं की कामातून गेलं. आता इथे प्रिस्क्रिप्शनवर रीतसर मिळतं, तरी रोज रात्री फ्रिज उघडून पेनं मोजते. २८ दिवस झालेलं उघडं पेन टाकू म्हटलं तर डोळ्यांत पाणी. आधी मी समजवत बसायचे, आता तिच्याबरोबर मोजते.

मला ती त्योत्या म्हणते, म्हणजे मावशीच. तिच्या आईने एकदा विचारलं होतं, तुम्ही आम्हाला घरात का घेतलंत, तेव्हा मी वळिवड्याचं सांगितलं, दुसऱ्या महायुद्धात आमच्या कोल्हापूरशेजारी हजारो पोलिश निर्वासित येऊन राहिले होते, आजीच्या तोंडून ऐकलेलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

साडेदहाला ४.१ आणि बाण खाली, म्हणजे शुगर आणखी घसरतेय. सफरचंदाचा ज्यूस दिला, जेमतेम एक वाटी, आणि १५ मिनिटं तिच्या पलंगावर बसून राहिले. ५.०. आणखी थोड्या वेळाने ६.३. पाऊच उशाखाली घेऊन झोपली, मी काढला नाही. आई नाईट शिफ्टला आहे. तीनचा अलार्म लावलाय.