दाजी, डावं!

आम्ही निघालो होतो चिखला-दगडातून जीप चालवायच्या ऑफ-रोड स्पर्धेला. शनिवारी सकाळी साडेसहाला तुळजापूर रोडच्या एका टपरीवर चहा घेताना मेहुण्यानं विचारलं, "दाजी, आपल्याला झेपंल का हो हे?" मी म्हणालो, "झेपंल की." रात्रभर मला झोप नव्हती, हे त्याला सांगायचं काही कारण नव्हतं. थोरल्या दाजीनं धाकट्या मेहुण्यासमोर घाबरायचं नसतं, असा आमच्याकडं अलिखित नियम आहे. पुढच्या दोन दिवसांत हा नियमच आमच्या आड आला.

गाडी म्हणजे माझी महिंद्राची जीप, एमएम 540. प्यूजोचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन, चार गिअर, पॉवर स्टिअरिंग नाही. बार्शीकडच्या एका बागायतदाराकडून घेतली तेव्हा तिच्या मागच्या बाकाखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. बायको अजूनही तिला खुराडंच म्हणते. टायर 6.00-16, मिलिटरी पॅटर्नचे. आमच्याकडच्या ट्रॅक्टरांना पुढं याच मापाचे टायर असतात, त्यामुळं गावाकडची पोरं जीप बघून हमखास विचारतात, "ट्रॅक्टरचे टायर टाकले का ओ?" मोठे, रुंद टायर टाकायचा मोह मलाही होता. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नं कंपनीच्या मापाबाहेरचे बदल चालत नाहीत, आणि मला हीच गाडी सोमवारी कारखान्यावर न्यायची असते. इतर काही जण गाड्या ट्रेलरवर घालून आले होते. आम्ही चालवत आलो, आणि चालवतच परत जायचं होतं. हा फरक चिखलात उतरल्यावर फार जाणवतो. विम्याच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणजे जे मोडेल ते आपल्याच खिशातून.

जागा होती बंद पडलेली दगडखाण आणि तिच्या शेजारचं पडीक रान. ज्यानं ही जागा निवडली त्याला दाद द्यायला पाहिजे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ. आपल्या सोलापूरची जमीन जणू उभी चिरून ठेवलेली. शनिवारी वरच्या मातीत, रविवारी खालच्या कातळात. आठवडाभर परतीचा पाऊस लागलेला होताच, वर दोन टँकर पाणी आणून ओतलं होतं.

तपासणीत पहिला दणका बसला. अग्निशामक नळकांडं, सीट बेल्ट, हेल्मेट, डोक्यावरची पाइपची कमान, सगळं पास झालं. मग तपासणाऱ्या माणसानं बॉनेट उघडून बॅटरी हलवली. मी ती सायकलच्या ट्यूबनं बांधली होती, तीन वर्षं झाली. तो हसला नाही, हे विशेष. फक्त म्हणाला, "गाडी उलटली तर ही तुमच्या मांडीवर येईल. क्लॅम्प लावा, मग या." गाडीच्या पुढं-मागं ओढायचे हूक चेसीला बोल्टनं आवळलेले पाहिजेत, बंपरला नाही, हेही त्यानं हातानं ओढून बघितलं. क्लॅम्प एका लातूरच्या गड्यानं स्वतःच्या पेटीतून काढून दिला. पैसे घेतले नाहीत. शेंगाचटणीची पुडी मात्र घेतली.

तपासणीनंतर रस्ता पायी चालून बघायचा असतो. हे काम मी कंटाळा करत केलं, कारण बुटाला चिखल लागत होता. लागत होता म्हणजे, दहा पावलांत एकेका बुटाला दोन-दोन किलोचा गोळा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि जे सापडेल त्याला धरून बसते. टायरच्या खाचा अशा बुजतात की टायर गुळगुळीत पाइप होतो. दोरीच्या पलीकडं एक म्हातारबाबा धोतर खोचून उभे होते. ते कुणाला तरी म्हणाले, "अजून वाफसा न्हाई, बैलसुद्धा घालत न्हाईत, आन हे गाड्या घालायलेत." मला तेव्हाच निघून जायला पाहिजे होतं.

चिखलाचा टप्पा साठेक मीटरचा. जेसीबीनं खणलेला चर, दोन्ही बाजूला बांबू. बांबूला धक्का लागला की गुण कापणार, सहा मिनिटांत बाहेर निघायचं. टायरमधली हवा आम्ही 15 पौंडांवर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीवर जास्त बूड टेकतं. फार कमी केली तर तो रिंगमधून निसटतो. लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त ताकदीचा टप्पा, दुसरा गिअर, एकसारखी रेस, आणि अंगठे स्टिअरिंगच्या बाहेर. दगडाला चाक अडखळलं की स्टिअरिंग अशी उलटी फिरते की आत अडकवलेला अंगठा मोडतो. ही सूचना मला आमच्या गॅरेजच्या चाचांनी दिली होती, स्वतःचा वाकडा अंगठा दाखवून.

झेंडा पडला. पंधरा मीटर झकास गेलो. स्टिअरिंग डावी-उजवी हलवत राहिलो, म्हणजे टायरच्या कडेच्या दातांना पकड मिळते. मग वेग मंदावला. मी रेस वाढवली. मागची चाकं फिरायला लागली आणि गाडी पुढं जायच्या ऐवजी खाली जायला लागली. चाकं फिरतायत पण गाडी सरकत नाही, असं झालं की पाय काढायचा असतो. हे मला तोंडपाठ होतं. मी पाय काढला नाही. दहा सेकंदांत जीप पोटावर बसली, म्हशीसारखी.

मेहुण्यानं वाकून बघितलं आणि हळूच म्हणाला, "दाजी, पुढची चाकं फिरंनात."

आमच्या जीपला पुढच्या चाकांच्या मधोमध हाताने लावायचे हब आहेत, ते फिरवले की चाक आतल्या दांडीला जोडलं जातं. फोर बाय फोरचा दांडा ओढला तरी खाली उतरून दोन्ही हब फिरवल्याशिवाय पुढची चाकं ओढत नाहीत. आणि एक हब लावला, एक राहिला, तर एक चाक ओढेल असं वाटतं ना? तसं होत नाही. दोन चाकांत ताकद वाटणारं डिफरन्शियल आपली ताकद जिकडं अडवणूक कमी तिकडं ढकलतं. सुट्या हबच्या बाजूची दांडी नुसती गरगर फिरते आणि दुसरं चाक मुडद्यासारखं पडून राहतं. आमचा डाव्या बाजूचा हब मेहुण्यानं लावलेला. उजवा, माझ्या बाजूचा, तसाच.

"तुला दिसलं नाही का?"

"दिसलं की. पण तुम्ही म्हणालात झालं सगळं. तुम्हाला परत कसं विचारायचं?"

मग तो उतरला. मांडीपर्यंत चिखल, त्यात हात खांद्यापर्यंत खुपसून, गाल टायरला टेकवून, हब चाचपत. बाहेर शंभरेक माणसं आणि तितकेच मोबाईल. म्हशीच्या पोटातलं रेडकू ओढणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरची मला आठवण झाली, पण मी बोललो नाही. हब लागला. पण गाडी पोटावर बसल्यावर चारही चाकं फिरून काय उपयोग? सहा मिनिटं संपली.

ओढून काढायला विंचची, म्हणजे तार गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राची, गाडी आली. तिच्या माणसानं आमच्या हूकमध्ये शॅकल, म्हणजे जोडायची लोखंडी कडी, घातलं, त्यावर 4.75 टन कोरलेलं होतं ते मला दाखवलं, आणि म्हणाला, "तारेवर टाकायला काही जड आहे का? गोणपाट, जॅकेट?" पोलादी तार ताणात तुटली तर चाबकासारखी येते, माणूस कापू शकते. वर जड कापड असलं तर ती जमिनीवर पडते. माझ्याकडं सीटखाली सोलापुरी चादर होतीच. सोलापूरकराच्या गाडीत चादर नसेल तर ती गाडी चोरीची समजावी. मेहुण्यानं ती भिजवून तारेच्या मधोमध टाकली, सगळ्यांना लांब उभं केलं, आणि जीप चुप्प आवाज करत वर आली. ती चादर चार वेळा धुतली. तिच्यावरचे पांढरे मोर आता करडे आहेत.

चिखलाचे अजून दोन टप्पे होते. दोन्ही पार पडले. सांगण्यासारखं काही नाही, हब लावलेले होते.

रात्री तिथंच जीपला टेकून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही खाल्लं. शेजारी गोव्यातली रेनफॉरेस्ट चॅलेंज बघून आलेले काही जण होते. ही मूळची मलेशियातली स्पर्धा, तिकडं 1997 पासून चालते, आपल्याकडं 2014 पासून. त्यांच्या गप्पांत विंच, स्नॉर्केल, डिफ लॉक असले शब्द. त्यातल्या एकानं मला एकच विचारलं, "तुमचा को-ड्रायव्हर तुम्हाला अहो-जाहो करतो?" मी म्हणालो, मेहुणा आहे. तो म्हणाला, "डावीकडं घ्या हो दाजी, एवढं म्हणेपर्यंत चाक खड्ड्यात जातं."

मी रात्री मेहुण्याला सांगितलं, उद्या दगडात मी तुझा दाजी नाही. डावं, उजवं, थांब, एवढंच बोलायचं. तो "बरं दाजी" म्हणाला.

रविवारी ऊन पडलं. खाणीच्या पोटात दगडांचा जिना रचला होता, काही दगड माझ्या कमरेएवढे. शेवटी एक उभा कातळ. या वेळी रस्ता दोनदा चालून बघितला, मेहुण्यानं खडूनं चार ठिकाणी खुणा केल्या. दगडातलं पहिलं शास्त्र असं की मोठा दगड दोन चाकांच्या मधे घ्यायचा नाही, त्यावर चाकच चढवायचं. मधे घेतला तर मागच्या हौजिंगवर, म्हणजे मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या डब्यावर, बसतो, आणि हौजिंग हाच आमच्या गाडीचा सगळ्यात खाली लोंबणारा अवयव. चाक वर चढलं की गाडीचं पोटही वर जातं. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात बॉनेटपुढं फक्त आभाळ दिसतं, दगड दिसतच नाही. तुम्ही आंधळे, आणि समोर उलटा चालणारा मेहुणा हेच तुमचे डोळे.

पहिला गिअर, लो. क्लचला पाय लावायचा नाही. गाडी मुंगीसारखी चालली.

"दाजी, डावं!"

घेतलं.

"अजून डावं. अजून. बास. सरळ."

अर्ध्यावर गाडी तिरकी लटकली. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत. पाट्यांच्या स्प्रिंगवरची गाडी, तिचे पाय कोळ्यासारखे लांबत नाहीत. हवेतली चाकं भणभण फिरायला लागली, टेकलेली गप्प. चाचांनी शिकवलेलं आठवलं: रेस तशीच ठेवून ब्रेकवर अगदी हलका पाय. मोकळ्या चाकाला थोडी अडवणूक झाली की टेकलेल्या चाकाकडंही ताकद जाते. डावा पाय ब्रेकवर ठेवला. जीप थरथरली, कण्हली, आणि वीतभर सरकली. पुढचं चाक धप्पकन खाली टेकलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि मला चेव आला.

शेवटच्या कातळापाशी आता रेस देऊन उडी घ्यायची असं मी ठरवून टाकलं. इंजिनाचा आवाज चढला. तेवढ्यात समोरून आवाज आला. तसा आवाज मी आमच्या लग्नाच्या अकरा वर्षांत या पोराच्या तोंडून ऐकला नव्हता.

"ए! थांब बे! कुठं घालायलास गाडी! थांब म्हणतोय ना!"

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. खाणीत एकदम शांतता. तो वाकला, पुढच्या चाकाखाली बघितलं, आणि बोटांनी दाखवलं, एवढं. चार बोटं. चार बोटं पुढं गेलो असतो तर उजवं चाक कातळाच्या कडेवरून सुटलं असतं आणि गाडी कुशीवर गेली असती. मागं घेतलं. रिव्हर्सचे गुण कापले गेले. डावीकडून नव्यानं चढलो. चढताना टायरॉड, म्हणजे पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा, दगडावर आपटला, तो आवाज माझ्या दातांत शिरला, पण चढलो. वेळ संपायला वीस सेकंद होते.

वर गेल्यावर तो शेजारी येऊन बसला. चेहरा पडलेला. "दाजी, ते तोंडातून निघून गेलं."

आमच्या गटात नऊ गाड्या, आम्ही सहावे. बक्षीस नाही. वाकलेला टायरॉड काढून, कातळावर ठेवून, त्या लातूरच्या गड्याच्या घणानं ठोकून घरी जाण्यापुरता सरळ केला. पुढची दोन्ही चाकं एकमेकांवर रुसल्यासारखी दोन दिशांना बघत होती. तीसच्या वर गाडी नेता येत नव्हती. शहरात शिरेपर्यंत दिवेलागण झाली.

सोमवारी सकाळी सासूबाईंचा फोन. कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता. त्यात गाडी कातळावर चढताना दिसत नाही, कारण मोबाईल धरणारा हलला होता. पण 'थांब बे' अगदी स्वच्छ ऐकू येतं. त्यांनी माफी मागायला लेकाला समोर उभं केलं होतं.

"चुकलं दाजी," तो म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं, आणि मलाही.

मागून सासूबाई म्हणाल्या, "परत जावयाला बे म्हणालास तर बघ."

"नाही म्हणणार. दाजी, टायरॉड टाकायला कधी जायचं हो?"

बुधवारी गेलो.