गाभारा भरला का नाही, हे राजाला कोण सांगणार?

इतिहासातून काय शिकायचं असा विषय निघाला की आपल्याकडे गाडी थेट प्रतापगडावर किंवा आग्र्याला जाते. अफजलखान, पेटारे, कोंढाणा. आणि मग ऑफिसातल्या ट्रेनिंगला कुणीतरी पीपीटीवर शिवाजी महाराजांचा फोटो लावून लीडरशिपचे पाच मुद्दे काढतो. आता खरं सांगा, तुमच्याआमच्या आयुष्यात वाघनखं लपवायची वेळ किती वेळा येते? थरार वाटतो, अभिमान वाटतो, पण सोमवारी सकाळी कामावर त्याचं करायचं काय?

मला विचाराल तर शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे ते महाराजांच्या पत्रांत, आणि त्यातही चिपळूणच्या छावणीला लिहिलेल्या पत्रात. 1670 च्या दशकातलं पत्र, पावसाळा तोंडावर, घोडदळ घाटावर जाऊ शकत नाही म्हणून चिपळूणजवळ दळवटण्याला ठेवलेलं. दाभोळ सुभ्यात पावसाळ्यासाठी म्हणून साठवलेला दाणागोटा लष्कराच्या मुक्कामात बराचसा आधीच संपलेला, मग गडागडावरचा गल्ला देऊन कशीतरी बेगमी केलेली. आणि हे सगळं झाल्यावर महाराज जुमलेदार, हवालदार या लष्करी अधिकाऱ्यांना आणि कारकुनांना लिहितात की आत्ता आहे म्हणून मनाला येईल तसं उधळाल तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही गावात शिराल, कुणी कुणब्याचा दाणा आणेल, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजी, आणि जे गरीब कुणबी कसेबसे जीव धरून राहिलेत तेही निघून जातील, मोगल परवडले म्हणतील. काय हवं ते बाजारातून रोख पैसे देऊन घ्या.

पण मला खरा आवडतो तो याच्या पुढचा भाग. गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, तंबाखूसाठी विस्तव नेऊ नका, वारा आहे नाही बघत नाही तुम्ही, ठिणगी पडेल. आणि रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका, उंदीर वात पळवेल आणि आग लागेल. उंदीर! राज्याभिषेकाच्या आसपासचा काळ, मोगल, सिद्दी, विजापूर सगळं अंगावर, आणि हा माणूस उंदराने वात नेली तर काय होईल याचा विचार करतोय. एकदा गवत जळालं की मग कितीही कुणब्यांची डोकी उडवा, कारकुनांना धारेवर धरा, काडी मिळायची नाही, असंही स्पष्ट लिहिलंय. नंतर कुणाला तरी जबाबदार धरून शिक्षा केली की काम झालं असं वाटणाऱ्या सगळ्या साहेबलोकांनी हे वाक्य टेबलाच्या काचेखाली ठेवायला हरकत नाही.

आमच्या सोसायटीत फेब्रुवारीत पाइप लावून गाड्या धुतात आणि मे महिन्यात टँकरवाल्याशी भांडतात, त्याहून वेगळं काय होतं ते!

आता हे वाचताना मला दरवेळी श्रावणी सोमवारची खुलभर, म्हणजे एवढ्याशा भांड्याभर, दुधाची कहाणी आठवते. तुमच्याही घरी वाचत असतील. राजाला वाटलं महादेवाचा गाभारा दुधाने भरावा, दवंडी पिटली, घरचं सगळं दूध घेऊन या. लोकांनी भीतीने वासरांना ठेवलं नाही, पोरांना ठेवलं नाही, सगळं नेऊन ओतलं, तरी गाभारा भरेना. मग दुपारी एक म्हातारी आली, घरचं कामकाज आटोपून, मुलांना जेवू घालून, गाईवासरांचं बघून, आणि तिच्या खुलभर दुधाने गाभारा भरला. लहानपणी मला हा नुसता भक्तीचा चमत्कार वाटायचा. आता वाटतं ही सरळसरळ कारभाराची गोष्ट आहे, हुकूम निघाला, अंमलबजावणी शंभर टक्के झाली आणि तरी काम झालं नाही.

आणि त्यातली एक जागा सगळे घाईत वाचून पुढे जातात. गाभारा कशाने भरला हे राजाला कळत नाही, म्हणून तो पुढच्या सोमवारी पाळत ठेवतो, शेवटी स्वतः येऊन बसतो आणि म्हातारीला धरतो. ती घाबरते. राजा तिला आधी अभय देतो, तेव्हा कुठे ती तोंड उघडते, की बाबा, पोरावासरांच्या तोंडचं काढून आणलेलं दूध आहे हे, तळतळाट आहे यात, देवाला कसं आवडेल. म्हणजे इतके दिवस अख्ख्या गावाला कारण माहीत होतं! प्रत्येक घरात पोर रडत होतं, पण दवंडी राजाची, सांगणार कोण? आपल्याकडे मीटिंगमध्ये साहेब विचारतात कुणाला काही शंका, आणि सगळे वहीत बघतात, ते काय उगाच.

बरं हे नुसतं कहाणीत छान वाटतं असंही नाही. 1676 मध्ये कोकणातल्या प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना गेलेलं महाराजांचं पत्र बघा, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका असं सांगणारं, ते प्रसिद्ध देठाचं. लोकांना तेवढं देठच माहीत असतं. पण त्याच पत्रात आहे की ज्याच्याकडे बैल नाही त्याला बैलासाठी पैसे द्या, बियाणं नाही त्याला धान्य द्या, व्याज लावू नका, फक्त मुद्दल, तेही त्याला ताकद येईल तसं हळूहळू घ्या, आणि यात दोन लाख लारीपर्यंत (लारी म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं) खर्च झाला तरी चालेल. आकडा दिलाय राव, नुसती माया नाही दाखवली.