बाराबंदीवरून बेतलेला सदरा

सोलापुरात मकरसंक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तेव्हा नंदीध्वजांबरोबर पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले, म्हणजे बटणांऐवजी बारा बंदांनी बांधायच्या अंगरख्यातले, हजारो भक्त चालतात. उंच, जड नंदीध्वज पेलणाऱ्याचे खांदे आणि दंड त्या पोशाखात किती मोकळे राहतात हे पाहिल्यावरच, स्त्रियांना रोज कामावर घालता येईल असा सदरा बाराबंदीवरून बेतावा, असे माझ्या मनाने घेतले. जुन्या पोशाखावरून नवे कपडे करायचे म्हणून जॅकेटला पैठणीचे काठ लावले जातात. ते सुंदर दिसतात, पण मला त्या पोशाखाची बेतणी हवी होती.

बारा बंद म्हणजे सहा गाठी. पुढचे दोन भाग छातीवर एकावर एक येतात. आतले बंद खालचा भाग धरून ठेवतात आणि बाहेरचे वरचा. बटण एकाच ठरल्या जागी लागते, गाठ मात्र अंगाप्रमाणे सैल किंवा घट्ट बांधता येते, त्यामुळे वजन थोडे वाढले वा उतरले तरी सदरा अंगाला बसतो.

पहिल्या नमुन्यात मी चौबगला काढून टाकला, ही माझी मोठी चूक झाली. चौबगला म्हणजे बाही आणि अंग यांच्यामध्ये, काखेत बसवलेला कापडाचा लहानसा चौकोन. तो कर्णावर तिरका बसत असल्याने हात वर जाताच उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यात कापलेल्या, कापडासारखा ताणला जातो. सफाईदार दिसावे म्हणून मी त्याऐवजी अरुंद, गोल मुंढा (बाही जोडायची जागा) कापला आणि तो सदरा घातलेल्या मैत्रिणीने बसमध्ये वरचा दांडा धरताच काखेतली शिलाई उसवली. दुसऱ्या वेळी 4 इंचांचा चौकोन घातला, बाही सरळ ठेवली, आणि सगळे तुकडे सरळ कडांचे झाल्यामुळे हातमागाच्या कापडाच्या पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, ते असे चपखल बसले की कातरण मूठभरच उरली.

बंद मी बारावरून आठवर आणले. ते उरेब कापले तर धुतल्यावर लांबतात आणि पिळवटतात, म्हणून उभ्या धाग्यात कापून, दुमडून, कडेने टीप घातली. डाव्या काखेखालचा आतला बंद न पाहता बांधावा लागतो. मैत्रिणीला पहिले दोन दिवस आरसा लागला, तिसऱ्या दिवशी तिने बोलता बोलताच गाठ मारली.