जवारी लागली हे कोण ठरवतं?

"हा विषय संगीत विभागाचा, समाजशास्त्राचा नाही." एवढ्या शेऱ्यावर संशोधन समितीने माझा पीएच.डी.चा आराखडा परत पाठवला. विषय होता इलेक्ट्रॉनिक तंबोरा. फार वाईट वाटलं. पण पुन्हा वाचला तेव्हा जाणवलं, त्यात वाद्य होतं, माणसं नव्हती.

मार्गदर्शक मॅडमनी तंत्रज्ञानाकडे समाजशास्त्राच्या नजरेने पाहणाऱ्या ट्रेव्हर पिंच आणि वीबे बायकर यांचा १९८४ चा लेख हातात ठेवला. जुनी उंच चाकाची सायकल धाडसी तरुणांना मर्दुमकीची वाटे, तर इतरांना हातपाय मोडणारी. सायकल एकच, अर्थ ज्याचा त्याचा. पुढे याच पिंच यांनी मूग सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचा अभ्यास केला. मग आपली हार्मोनियम आठवली. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पेटी तीच, पण तिचा सूर 'आपला' की परका, यावर केवढं रणकंदन! नव्या आराखड्यात मी एकच प्रश्न धरला: तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला, गुंजणारा नाद, नीट लागली, हे कोण ठरवतं? समितीने तो मंजूर केला.

प्रश्नावली घेऊन मिरजेला सतारमेकर गल्लीत गेले. एक बुजुर्ग कारागीर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासत होते. कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा धागा सरकवला, जेमतेम केसभर. आवाज असा उमलला की माझा पेन थांबला. "इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याने धंदा बसला का?" हा माझा पहिला प्रश्न. उत्तर द्यायच्या आधी काकांनी खिशातून मोबाइल काढला, तंबोऱ्याचं ॲप लावलं आणि त्याच्या षड्जावर तार मिळवायला घेतली. "पट्टी बघायला बरं पडतं," म्हणाले, "पण जवारी त्याच्यात नाही, ती कानात."

कारागीर विरुद्ध यंत्र अशी माझी सगळी मांडणी तिथेच मोडली. प्रश्नावली बाजूला ठेवली आणि पुढचे कितीतरी महिने नुसती बसून ऐकत, टिपत राहिले.

सहामाही अहवाल, वाङ्मयचौर्य तपासणी, परीक्षकांच्या अहवालांची वाट, हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. व्हायव्हाला मात्र बाह्य परीक्षकांनी मी मिरजेत केलेलं ध्वनिमुद्रण दोनदा वाजवायला लावलं.

सध्या तासिका तत्त्वावर शिकवते. पहिल्या तासाला मुलांना तेच ऐकवते आणि विचारते, तुमच्या घरी सूर कशावर लावतात?