कव्हरची मागची बाजू

रविवार, रात्री

आज जुन्या बाजारात भीमसेनजींची एचएमव्ही कंपनीची एलपी, म्हणजे लाँग प्ले तबकडी, मिळाली. तबकडीवर ओरखडे एवढे की सुई कुठेतरी एकाच तानेवर अडकून बसणार हे बघूनच कळत होतं, तरी घेतली, कारण कव्हर. पुढचं लॅमिनेशन एका कोपऱ्यात सुटलंय, आतल्या तबकडीचा गोल ठसा वर उमटलाय, कडेला लावलेली सेलोटेप पार तपकिरी झालीय. आणि मागे निळ्या शाईत, तिरक्या वळणदार अक्षरात, "चि. सौ. कां. ताईस, सप्रेम", खाली लक्ष्मी रोडवरच्या कुठल्याशा दुकानाचा पुसट शिक्का. कोण ताई, कोणी दिली, काही कळायला मार्ग नाही पण मी कितीतरी वेळ तेच बघत बसलो.

आधीच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना हे सुख नव्हतंच. बहुतेक साधं कागदी पाकीट, लेबल दिसावं म्हणून मधे गोल भोक, आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यात बिचाऱ्या गवयाने अख्खा राग कोंबायचा. एलपी आली, मिनिटाला ३३ फेरे आणि वर एक तृतीयांश, एका बाजूला वीसेक मिनिटं, मग संथ लयीतला बडा ख्याल निवांत मांडता यायला लागला आणि सोबत बारा इंची चौकोन मिळाला चित्राला. चित्रवालं कव्हर ही कल्पना मात्र एलपीच्याही आधीची, अमेरिकेत कोलंबिया रेकॉर्ड कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुण चित्रकाराने १९४० च्या सुमारास सुरू केली.

आपल्याकडे सिनेमाची कव्हरं म्हणजे छोटी पोस्टरंच, भडक, मला जाम आवडतात. शोलेच्या संवादांचीसुद्धा एलपी निघाली होती पॉलिडोरची, गाणी नाही, नुसते संवाद, आणि लोकांनी ती घराघरात पाठ केली. पण जीव जडलाय तो शास्त्रीयवर. पुढे गवयाचा फोटो, आणि मागे बारीक टायपात इंग्रजी मजकूर, रागाची वेळ, थाट, बंदिशीचे बोल, तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण. साथीदारांची नावं मला तिथेच कळली, नाहीतर कोण सांगणार होतं.

आता मोबाईलवर तेच गाणं लावलं की नखाएवढा पुढचा फोटो येतो. मागची बाजू गायब, साथीदार गायब, ताई तर नाहीच नाही.

सेलोटेप काढायची नाही असं ठरवलंय, ती ओढली की छपाईच निघून येते. जाड प्लॅस्टिक घालून उभीच ठेवणार, आडव्या थप्पीत दाबून ठसे अजून वाढतात, आणि पावसाळ्यात बुरशी धरतेच, म्हणून उद्याच मागची बाजू नीट उजेडात स्कॅन करून घेतो. ज्यांच्या माळ्यावर असल्या एलपी पडल्यात त्यांनी प्लीज हे एवढं करा, रद्दीत द्यायच्या आधी तरी, आणि कोणी काही लिहिलेलं असेल तर ते कापू नका.