डोमेन व्हीपीएसला जोडताना उत्तर अडकतं कुठे?

नवा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला, डोमेन घेतलं, पॅनेलमध्ये आयपी भरला, तरी साइट उघडत नाही. मग सल्ला मिळतो, ‘२४ ते ४८ तास थांबा, डीएनएस पसरायला वेळ लागतो.’ डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणारी व्यवस्था. हा सल्ला अर्धवट आहे. रेकॉर्ड, म्हणजे डोमेनची नोंद, तुमच्या नेमसर्व्हरवरच (नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरवरच) राहतो. वाटेतले रिझॉल्व्हर (ब्राउझरच्या वतीने पत्ता शोधणारे सर्व्हर) तिथे येऊन विचारतात आणि मिळालेलं उत्तर टीटीएल (ते ठेवायची मुदत) संपेपर्यंत जवळ ठेवतात. शिळं उत्तर कोणाकडे पडून आहे ते शोधलं, की किती थांबायचं ते नेमकं कळतं. बऱ्याचदा थांबावंच लागत नाही.

पहिली तपासणी नेमसर्व्हरची. रेकॉर्ड भरले जातात रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) पॅनेलमध्ये, आणि नेमसर्व्हर लावलेले असतात क्लाउडफ्लेअरचे किंवा व्हीपीएस कंपनीचे. असा रेकॉर्ड जगात कोणीच वाचत नाही. टर्मिनलवर ‘डिग’ या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडने डोमेनचे एनएस (नेमसर्व्हरचे) रेकॉर्ड विचारा. जी नावं येतील, त्यांच्याच पॅनेलमध्ये काम करायचं. नेमसर्व्हर बदलायचे असतील तर नव्या जागी सगळे रेकॉर्ड आधी भरून ठेवा. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत (सगळ्या डॉट कॉम नावांच्या मूळ यादीत) एनएसचा टीटीएल १,७२,८०० सेकंद आहे, म्हणजे पूर्ण २ दिवस. ४८ तासांच्या बोलण्यात तथ्य आहे ते इथे. डीएनएससेक (उत्तरांवर डिजिटल सही करायची सोय) चालू असेल तर रजिस्ट्रारकडचा डीएस रेकॉर्ड (त्या सहीच्या किल्लीची खूण) आधी काढा, त्याचा टीटीएल संपू द्या, मग बदल करा. नाहीतर सही जुळत नाही आणि पडताळणी करणारे रिझॉल्व्हर सरळ ‘सर्व्हफेल’ ही चूक देतात.

आता रेकॉर्ड. मूळ डोमेनसाठी नावाच्या रकान्यात @ आणि ‘ए’ रेकॉर्डमध्ये सर्व्हरचा आयपी, समजा २०३.०.११३.१०. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’साठी मूळ डोमेनकडे बोट दाखवणारा सीनेम पुरतो. मूळ डोमेनवर मात्र सीनेम चालत नाही, कारण तिथे एनएस आणि एसओए (डोमेनच्या व्यवस्थापनाची माहिती) असतातच आणि सीनेमशेजारी दुसरे रेकॉर्ड ठेवता येत नाहीत. सुरुवातीला टीटीएल ३०० सेकंद ठेवा. आयपी कायमचा आहे ना, हेही बघा: ॲमेझॉनच्या ईसीटू सर्व्हरवर इलॅस्टिक (न बदलणारा) आयपी जोडला नसेल, तर मशीन थांबवून पुन्हा सुरू केल्यावर पब्लिक आयपी बदलतो.

क्रम इथे फार महत्त्वाचा आहे. रेकॉर्ड भरण्याआधीच ब्राउझरमध्ये नाव टाकून पाहिलं, तर ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा रिझॉल्व्हरच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) बसतं. ते किती वेळ राहणार हे एसओए रेकॉर्डवरून ठरतं. तिथे ३,६०० असेल तर तासभर. म्हणून आधी रेकॉर्ड, मग डिगने थेट तुमच्याच नेमसर्व्हरला प्रश्न, मग १.१.१.१ आणि ८.८.८.८ ला (क्लाउडफ्लेअर आणि गूगलचे रिझॉल्व्हर), आणि ब्राउझर सगळ्यात शेवटी. नेमसर्व्हर बरोबर उत्तर देतोय आणि ८.८.८.८ जुनं सांगतोय, तर तो फक्त कॅशचा प्रश्न आहे. नेमसर्व्हरच चुकीचं सांगत असेल, तर दोन दिवस थांबूनही काही बदलणार नाही.

क्लाउडफ्लेअरचा नारंगी ढग (प्रॉक्सी, म्हणजे ट्रॅफिक त्यांच्या सर्व्हरमधून नेणं) चालू असेल तर डिगमध्ये त्यांचाच आयपी दिसेल, आणि डोमेनच्या नावाने एसएसएचही (सर्व्हरवर दुरून लॉगिन) लागणार नाही. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट निघेपर्यंत ढग राखाडी (प्रॉक्सी बंद) ठेवणं सोपं पडतं.

लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट अडतं ते बहुधा दोन कारणांनी. एक, फायरवॉलमध्ये ८० नंबरचा पोर्ट बंद. दुसरं कारण पटकन लक्षात येत नाही: जुन्या होस्टिंगचा ‘एएएए’ (आयपीव्ही६ पत्त्याचा) रेकॉर्ड तसाच राहिलेला असतो. आयपीव्ही६ पत्ता दिसला की लेट्स एन्क्रिप्ट आधी तिथे जातं आणि जुन्या सर्व्हरचं उत्तर घेऊन येतं. तुमच्या घरचं इंटरनेट आयपीव्ही४ वर असेल तर तुम्हाला साइट व्यवस्थित दिसत राहते, त्यामुळे चूक सापडत नाही. सर्व्हरवर आयपीव्ही६ लावलेलं नसेल तर तो रेकॉर्ड काढून टाका. आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. एका नावासाठी तासाला ५ वेळा पडताळणी फसली की वाट बघावी लागते. सर्टिफिकेट काढणाऱ्या सर्टबॉट प्रोग्रॅमला ‘ड्राय रन’ (नुसती चाचणी) याचसाठी दिलेला आहे.

त्याच सर्व्हरवरून मेल पाठवायची असेल तर पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारा) रेकॉर्ड हवा. तो डोमेनच्या पॅनेलमध्ये शोधून मिळणार नाही. आयपी ज्यांचा, त्या व्हीपीएस कंपनीच्या पॅनेलमध्ये ‘रिव्हर्स डीएनएस’ नावाने असतो. तिथे दिलेल्या नावाचा ‘ए’ रेकॉर्ड पुन्हा त्याच आयपीवर यायला हवा.