न धुतलेल्या जागा

‘सिंगल ओनर, डॉक्टरांनी वापरलेली, एमएच-१२ पासिंग, फक्त पेट्रोल टाका आणि चालवा.’ जुन्या सेडानच्या, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या गाड्यांच्या, जाहिराती सलग वाचल्या तर पुण्यात डॉक्टर सोडून कुणी गाड्या घेतच नव्हतं असा समज होईल. प्रत्यक्ष बघायला जावं तर गाडी झगमगत उभी असते. टायरला काळं पॉलिश, डॅशबोर्डला तेलकट चकाकी, आत लिंबाचा उग्र वास. एवढं सगळं अर्ध्या दिवसात होतं, त्यामुळे तिथं बघण्यात काही अर्थ नाही. धुणाऱ्या पोराचा हात जिथं पोचत नाही तिथं बघावं. सेडानमध्ये अशा जागा भरपूर.

मुळात जुनी सेडान स्वस्तात का मिळते? तिच्यात खोट असते म्हणून नव्हे, तर तिची फॅशन गेली म्हणून. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिन असलेल्या गाड्यांना करसवलत मिळाली आणि कंपन्यांनी डिकीला कात्री लावायला सुरुवात केली. टाटांची २००८ची इंडिगो सीएस याच हिशेबातून आली. पुढे लोकांना उंच गाड्यांचं वेड लागलं आणि साडेचार मीटरची खरी सेडान मधल्या मध्ये अडकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीला १८ टक्के जीएसटी, हिला मात्र ४०. मारुतीने तर त्याच वर्षी सियाझ बंदच केली. गाडी बंद झाली की जुन्याचा भाव आणखी बसतो. पण सियाझचे पार्ट मिळणं काही बंद होत नाही. भाव तोडायला याहून चांगला मुद्दा नाही.

बरं, गाडी म्हणून ही जात अजूनही सरस आहे. सियाझची डिकी ५१० लिटरची, स्कोडा स्लाव्हियाची ५२१, ह्युंदाई व्हर्नाची ५२८. गणपतीला कोकणात निघालेल्या चौघांच्या बॅगा, वर आजीची पिशवी, त्याच्यावर मोदकपात्र, आणि तरी झाकण लागतं. कात्रजच्या वळणांवर मागच्या सीटवरची माणसं एकमेकांच्या अंगावर कलंडत नाहीत, कारण गाडीचं वजन खाली असतं. याच खालीपणाची किंमत मात्र पुण्यात रोज मोजावी लागते. होंडा सिटीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचा तळ आणि रस्ता यांतलं अंतर, १६५ मिलिमीटर, चाकणमध्ये तयार होणाऱ्या स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टसचा १७९. चौदा मिलिमीटर ऐकायला काहीच नाहीत. पाच माणसं बसवून सोसायटीच्या बेसमेंटचा रॅम्प चढताना ते कळतात. तेव्हा गाडी बघायच्या आधी टेप घेऊन आपलं पार्किंग मोजा. व्हर्ना ४५३५ मिलिमीटर, व्हर्टस ४५६१. मागे भिंत आणि पुढे कुणाची तरी ॲक्टिव्हा असेल तर व्यवहार तिथंच संपला.

नवी घ्यायची असेल तर गोष्ट सरळ आहे, फक्त महाग आहे. एक्स-शोरूम १३ लाखांच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात १२ टक्के रोड टॅक्स म्हणजे १ लाख ५६ हजार. दहा लाखांच्या वरची म्हणून एक टक्का टीसीएस, म्हणजे शोरूमने आधीच घेतलेला आयकर, तो रिटर्नमध्ये वळता होतो. त्यावर विमा, आणि कोटेशनच्या तळाशी ‘हँडलिंग’ नावाची एक गूढ ओळ असते, ती खोडून मागायची. शेवटचे पैसे भरण्याआधी गाडी यार्डात जाऊन बघा. फॉर्म २२ वर, म्हणजे कंपनीच्या प्रमाणपत्रावर, बनल्याचा महिना असतो, तो वाचा. पाडव्याला आणि दसऱ्याला शोरूममध्ये पेढे, नारळ आणि गर्दी असते. त्या गडबडीत दारावरचा ओरखडा कुणाला दिसत नाही. गाडी दोन दिवस आधी दिवसाउजेडी बघून घ्यावी, मुहूर्तावर फक्त किल्ली घ्यावी.

माझं मत मात्र पाच ते सात वर्षं वापरलेल्या पेट्रोल मॅन्युअलला. पाचवं वर्ष चालू असलेल्या गाडीवर विम्याच्या हिशेबात ५० टक्के घसारा धरतात, रोड टॅक्स पहिल्या मालकाने भरलेला असतो आणि त्या मॉडेलची दुखणी एव्हाना गॅरेजवाल्यांना पाठ झालेली असतात. चार टायर, बॅटरी आणि क्लच यांची वेळ साधारण याच सुमारास येते, म्हणून किमतीच्या दहा टक्के बाजूला ठेवून बोलणी करावीत. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं आणि पावसात घसरतं.

आता त्या जागा. सुरुवात डिकीपासून, कारण मागून बसलेली धडक तिथं लपते. गालिचा उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खालचा खड्डा बोटांनी चाचपा. कारखान्यातल्या पत्र्यावर वेल्डिंगचे गोल ठसे सारख्या अंतरावर असतात आणि जोडावरचं सीलंट एका धारेत असतं. ठोकून सरळ केलेल्या गाडीत ते ठसे गायब असतात, सीलंट ब्रशने फासलेलं दिसतं आणि खड्ड्याच्या तळाशी लहरी राहतात; सकाळच्या तिरप्या उजेडात त्या स्पष्ट दिसतात. मग चारही दारांचं रबर बीडिंग हलकेच ओढून पिलरवर, म्हणजे दारांच्या खांबांवर, तेच ठसे शोधा. बीडिंग परत बसवता येतं, मालकाने चेहरा पाडला तरी. पुढे बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट आणि फेंडरचे, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याचे, बोल्ट: पान्याने सोललेला रंग दिसला तर ते कधीतरी उघडलेत. फेंडर बदललेला असणं हा गुन्हा नव्हे. लक्ष्मी रोडला गाडी नेणाऱ्या कुणाचाही फेंडर बदललेला असू शकतो. त्याच्या आतला जोडलेला पत्रा (एप्रन) किंवा रेडिएटर धरणारी चौकट ठोकलेली असेल तर मात्र नमस्कार करून निघावं. सगळ्या काचांवर बनल्याचं साल सांकेतिक खुणांनी दिलेलं असतं. एकच काच वेगळी निघाली तर का, एवढं विचारा आणि गप्प राहा. उत्तर आपोआप लांबतं.

पुण्यात आणखी एक शंका धरावीच लागते, ती पाण्याची. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला, २५ जुलै २०२४ला खडकवासला धरणाचा विसर्ग वाढल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं. पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या सेडान अशा वेळी आधी बुडतात. बंद उभी असताना बुडालेली गाडी दुरुस्त होऊ शकते. पाण्यात चालू ठेवलेल्या गाडीत हवेच्या पाइपातून पाणी सिलिंडरमध्ये जातं, पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा गाड्या पुढे विकायला येतात, आणि लिंबाचा वास बहुधा त्यांच्याचसाठी असतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पट्ट्याच्या तळाकडच्या टोकाला गढूळ रेघ कुणी धूत नाही. पुढची सीट मागे सरकवून रुळांवरचा गंज बघा, गालिच्याखालचा जाड नमदा दाबून ओल आहे का ते बघा, डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सच्या पिनांवर हिरवट भुकटी शोधा. वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी वर्षभराने दुखणं काढतं, तेव्हा विकणाऱ्याचा फोन लागत नाही.

कागदावरही अशी एक न धुतलेली जागा असते. चालू विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा, आकडा बघा. क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५, ४५ करत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातो. सहा वर्षांची, एकाच मालकाची गाडी आणि बोनस शून्य, म्हणजे मागच्या वर्षी क्लेम झालाय किंवा विमा मध्ये खंडला होता. ‘साहेब, गाडीला खरचटलेलंसुद्धा नाही,’ हे वाक्य ऐकल्यावर हा आकडा दाखवण्यात जो आनंद आहे तो पुणेकरालाच कळेल.

मीटर मागे नेलेलं असतं का? असतं. म्हणून किलोमीटर मीटरवर वाचू नयेत, सर्व्हिसच्या नोंदींत वाचावेत. स्टिअरिंग गुळगुळीत, ब्रेक पेडलचं रबर एका कडेने झिजलेलं, ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड चेपलेली आणि मीटर म्हणतंय ३२ हजार, असं असेल तर मीटर खोटं बोलतंय.

चालवून बघायला जाताना मालकाला आदल्या दिवशीच सांगा, गाडी आधी सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिनाचं काहीतरी लपवायचं आहे. सुरू करताना निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबला नाही तर इंजिन थंड ठेवणारं कुलंट आत जातंय. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून विझला पाहिजे. तो पेटतच नसेल तर मुद्दाम काढलाय. मग तिसऱ्या गिअरमध्ये तीसच्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा: आरपीएम चढले आणि गाडी तिथंच राहिली तर क्लच प्लेट गेली. कॉलनीतल्या गतिरोधकावरून काच खाली करून हळू जा. पुढून कटकट आली तर सस्पेन्शनचा लिंक रॉड, धप्प आली तर लोअर आर्मचे बुश किंवा शॉकॲब्सॉर्बर. लिंक रॉड किरकोळ खर्चाचा. कात्रज बायपासला ऐंशीला स्टिअरिंग थरथरलं तर बहुधा व्हील बॅलन्सिंग, ब्रेक मारल्यावरच थरथरलं तर डिस्क. एसी मात्र उभ्या गाडीत तपासा, दहा मिनिटं, दुपारी. बाजीराव रोडच्या कोंडीत तो जसा चालेल तसा. एसीची कूलिंग कॉइल गळत असेल तर बऱ्याच गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि उतरवलेला डॅशबोर्ड पुन्हा पहिल्यासारखा गप्प बसत नाही.

डिझेलचं थोडक्यात. १ एप्रिल २०२०च्या बीएस-६ प्रदूषण निकषांनंतर डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर आला. तो मोकळा व्हायला सलग वेगात चालणं लागतं. कोथरूड ते डेक्कन एवढ्याच चकरा असतील तर तो तुंबतो. २०२३पर्यंत सिटी आणि व्हर्ना दोघींनीही डिझेल सोडलं ते उगाच नाही. जुन्या फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिडच्या डिझेलला टायमिंग बेल्ट असतो. तो बदलल्याचं बिल नसेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा, कारण तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो. त्यांचाच सात गिअरचा डीएसजी हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चालवायला लोण्यासारखा, पण कोंडीत तापतो, आणि बिघडला तर त्याच्या मेकॅट्रॉनिक या नियंत्रण युनिटबद्दल लाखाच्या भाषेत बोलावं लागतं. वॉरंटीबाहेर तो घेऊ नये, असं माझं ठाम मत.

राहिले कागद. इथं माणसं सगळ्यात जास्त कंटाळतात आणि सगळ्यात जास्त फसतात. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हवं. त्या पत्राची मुदत सहसा तीन महिन्यांची असते. ट्रान्स्फरसाठी फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत, घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. तोवर गाडीचं स्वतःचं नुकसान झालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. सह्या केलेले कोरे फॉर्म एजंटकडे ठेवू नयेत, मग तो संगम पुलाजवळच्या आरटीओत कितीही वर्षं बसलेला असो. थकलेली चलनं आधी भरून घ्या. १ एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का ते बघा. दिल्ली पासिंगची दहा वर्षांची डिझेल मातीमोल भावात मिळते, कारण तिथं तिच्यावर बंदीची टांगती तलवार असते. इथला कर आणि नव्या नंबरच्या खेपा धरल्या की ती स्वस्ताई विरून जाते.

सगळं जमलं, भाव ठरला, चहा झाला की दुसरी किल्ली मागा. चिपवाली नवी किल्ली काही हजारांची असते, पण प्रश्न पैशांचा नाही, ती सध्या कुणाच्या खिशात आहे याचा आहे. ‘घरी असेल, पाठवतो उद्या’ म्हणाले तर हरकत नाही. उरलेले पंचवीस हजारही उद्याच द्यायचे.